बिल्डिंग बोलायला लागली तर काय करावं: नव्या कमिटीसाठी मार्गदर्शन

सगळ्यात आधी अभिनंदन. तीस वर्षं जुन्या बिल्डिंगच्या मॅनेजिंग कमिटीवर तुम्ही बिनविरोध निवडून आलात (बिनविरोध म्हणजे एजीएमला अकरा जण होते आणि त्यातले सात जण चहा-वडा घेऊन सटकले), आता अख्खी बिल्डिंग तुमच्या खांद्यावर आहे, म्हणजे तशी ती कॉलमवर आहे, पण तो तपशील झाला.

पहिली भेट क्रॅकशी होईल. पार्किंगमधल्या बीमला दिसेल. घाबरायचं नाही आणि मुख्य म्हणजे नीट बघायचं नाही, कारण नीट बघितलं की कळायला लागतं. बीमच्या मधोमध खालून वर चढणारी उभी क्रॅक म्हणजे बीम वाकतोय. कॉलमच्या जवळ तिरकी, साधारण 45 अंशात गेलेली म्हणजे शिअर, बीम कापला जातोय, आणि ही जात वाईट, ही फार वेळ देत नाही. सळईच्या रेषेत लांबच लांब गेलेली, कडेला तांबूस डाग असलेली म्हणजे आत गंज. आता हे सगळं लक्षात ठेवत बसलात तर मीटिंग रात्री बारापर्यंत चालेल, म्हणून आपल्याकडे तिन्हीला एकच नाव आहे, हेअर क्रॅक, आणि तिन्हीवर एकच औषध, पुट्टी. आत नाणं बसेल एवढी झाली तरी केस तो केसच, एकेकाचा जाड असतो.

यात एक गंमत आहे ती सांगतो. काँक्रीटला दाबलं तर ते दणकट, ताणलं तर एकदम लेचंपेचं, दाब सोसायच्या ताकदीच्या जेमतेम एक दशांश. म्हणून ताण जिथे येतो तिथे सळई टाकतात. पण सळई वाट्टेल तेवढी टाकायची नाही असा नियम आहे! जास्त टाकली तर सळई तशीच राहते आणि वरचं काँक्रीट आधी चिरडतं, तेही न सांगता, फटकन. म्हणून डिझाइन करताना हिशोब असा बसवतात की आधी सळईच हार मानेल, लांबेल, बीम खाली झोल खाईल, क्रॅका रुंदावतील, दरवाजे अडकायला लागतील आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळेल. म्हणजे कोणीतरी कागदावर आकडेमोड करून तुमच्यासाठी नोटीस पीरियडची सोय केलेली आहे. आणि नोटिशीचं काय करायचं हे आपल्या सोसायट्यांना शिकवायला लागत नाही, लिफ्टशेजारच्या काचेच्या पेटीत लावायची आणि किल्ली हरवायची. दरवाजा अडकला तर सुताराला बोलवून रंधा मारून घ्या, शंभर-दोनशेत काम होतं.

नंतर येतो दीडचा आकडा. कोणीतरी मेंबर मीटिंगमध्ये नक्की उठून म्हणेल की अहो, इंजिनियर दीडपट लोड धरूनच डिझाइन करतात, घाबरता काय. बरोबर आहे, आयएस 456 मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या आपल्या भारतीय कोडमध्ये, नेहमीच्या लोडला 1.5 नेच गुणतात. फक्त ती दीड भाकरी सगळ्यांनी मिळून खाल्लेली असते हे त्या मेंबरला सांगू नका. पहिला घास मुकादमाने घेतला, माल घट्ट आहे, हाताला जड जातोय म्हणून पाण्याची एक बादली जास्तीची ओतली, आणि जास्तीचं पाणी नंतर उडून जातं, मागे भोकं ठेवतं. दुसरा क्युरिंगवाल्याने. कमीत कमी सात दिवस पाणी मारायचं असतं, तिसऱ्या दिवशी टँकर आला नाही. तिसरा कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई उचलून धरणारे ठोकळे, वाचवणाऱ्याने. स्लॅबच्या सळईखाली किमान 20 मिलिमीटर काँक्रीट हवं, त्याने खडीचा तुकडा सरकवला तो घसरला आणि सळई थेट सेंट्रिंगच्या प्लायवर जाऊन झोपली. मग तीस वर्षं वरच्या मजल्यावरच्या बाथरूमने घास घेतला. गंज चढला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आतून रेटतो, आणि खालचं काँक्रीट ढलप्यांनी खाली येतं. त्याला आपण काय म्हणायचं? प्लास्टर पडलं. सळया उघड्या पडल्या तर नाराज होऊ नका, कपडे वाळत घालायची दोरी बांधायला फुकटचे हूक मिळाले.

उरलेला तुकडा आता तुम्ही खायचा. गच्ची आहेच. राहत्या घराच्या फ्लोअरला लाइव्ह लोड, म्हणजे माणसं आणि सामान यांचं वजन, धरतात चौरस मीटरला साधारण 200 किलो. तुम्हाला टेरेस गार्डन करायचंय, छान कल्पना, एक फूट भिजलेली माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर जाते, वर पेरूचं झाड आणि कोपऱ्यात गणपतीबाप्पाची घुमटी. गच्ची गळायला लागली तर जुना कोबा फोडायचा नाही, धूळ फार उडते, त्यावरच नवा कोबा मारायचा, त्यावर पुढच्या कमिटीने मारायचा. पाणी पुरत नाही म्हणून 5,000 लिटरची टाकी ठेवा, टाकी प्लॅस्टिकची असते त्यामुळे हलकी, पाण्याचे 5 टन कोण मोजतंय.

गॅलरीचंही तेच. गॅलरी कॅन्टिलिव्हर असते, एका बाजूने धरलेली, म्हणून तिथे ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळई वर लागते. स्लॅब भरताना घमेलीवाले त्याच जाळीवरून शंभर फेऱ्या मारतात आणि वरची सळई पायाखाली दबून खाली जाते, वरून सगळं गुळगुळीत दिसतं. आता तुम्ही काय करा, ती गॅलरी बंद करून घ्या, वीटकाम, ग्रॅनाइट, टोकाला वॉशिंग मशीन, स्पिनला लागलं की थरथर खालच्या काकूंनाही जाणवली पाहिजे.

हे सगळं जमायला लागलं की मोठ्या गुरूंकडे वळा. दक्षिण कोरियातल्या सोलचं साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर. मूळ बेत राहत्या घरांचा होता, मध्येच तिथे दुकान करायचं ठरलं. सरकत्या जिन्यांना जागा हवी म्हणून कॉलम उडवले, उरलेले 80 सेंटिमीटरचे व्हायचे ते 60 चे केले, वर पाचवा मजला चढवला आणि तिथे रेस्टॉरंटं, गरम फरशीवर बसून जेवायची सोय असलेली, म्हणजे आणखी जाड काँक्रीट. बीम नव्हतेच, सपाट स्लॅब थेट कॉलमवर टेकवलेला. अशा स्लॅबला कॉलम काय करतो ते थालीपीठ थापताना मधे बोटाने भोक पाडता ना, तेच करतो, फक्त खालून. त्यात शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो म्हणून एसीची अवजड युनिटं दुसऱ्या बाजूला हलवायची ठरली, ती क्रेन न लावता गच्चीवरून ओढत नेली. 1995 च्या एप्रिलमध्ये पाचव्या मजल्याच्या छताला क्रॅका दिसल्या. 29 जूनला त्या इतक्या वाढल्या की वरचा मजला बंद केला, खालचे चालू ठेवले, गिऱ्हाईक भरपूर होतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास इमारतीची एक अख्खी बाजू खाली आली, 502 माणसं गेली.

सोल लांब वाटत असेल तर घाटकोपर आहे. 25 जुलै 2017, चार मजली बिल्डिंग, तळमजल्यावर रिनोव्हेशनचं काम चाललेलं, कॉलमला हात लावल्याचा आरोप झाला, 17 जण गेले. तेव्हा तुमच्या बिल्डिंगखालचा दुकानदार "साहेब, हा एक पिलर मधे येतोय फक्त" म्हणाला तर सोसायटीच्या फंडाला देणगी किती देणार एवढंच विचारा.

स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंगची तपासणी, टाळता येत नाही, बायलॉजमध्येच आहे, पंधरा वर्षांवरच्या बिल्डिंगला पाच वर्षांतून एकदा आणि तीसच्या वर गेली की तीन वर्षांतून. तीन कोटेशनं मागवा आणि जो कमीत कमी खोदेल त्याला काम द्या. हॅमर मारतो म्हणाला, मारू दे. अल्ट्रासाउंडसारखं काहीतरी लावतो म्हणाला, तेही चालेल. कोअर काढतो, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा कापून तपासायला नेतो, म्हणाला की थांबवा, नवीन रंग झालाय. रिपोर्ट आला तर शेवटचं पान आधी बघायचं, मुंबईत सी-1 आला तर घरं खाली करायला लागतात, म्हणून ऑडिटरला बसवून चहा पाजून विचारायचं की साहेब, सी-2बी मध्ये, म्हणजे घरं खाली न करता दुरुस्तीत, बसतंय का बघा ना.

आणि कोणी लोड टेस्टचा आग्रह धरला तर शांत राहा. कोडमधली टेस्ट अशी आहे की लाइव्ह लोडच्या सव्वापट वजन 24 तास ठेवायचं, मग काढायचं आणि स्लॅब जेवढा वाकला त्यातला किमान 75 टक्के पुढच्या 24 तासांत परत वर येतो का ते मोजायचं. आपण दर 31 डिसेंबरला गच्चीवर डीजे लावून हीच टेस्ट करतो, फक्त खालच्या मजल्यावर मोजायला कोणी उभं नसतं, सगळे वर नाचत असतात.

आमच्याकडे पार्किंगमधल्या त्या तिरक्या क्रॅकवर मी मागच्या पावसाळ्याआधी एक काचेची पट्टी आडवी चिकटवली होती, दोन्ही टोकांना पक्की, शेजारी पेन्सिलीने तारीख. जुनी साधी पद्धत आहे, क्रॅक सरकत असेल तर काच तडकते, सरकत नसेल तर राहते. दिवाळीच्या आधी सेक्रेटरी मला खाली घेऊन गेले, काच मधोमध फुटलेली होती. बराच वेळ ते तिच्याकडे बघत उभे राहिले, मला वाटलं चला, आता बोलतील. मग त्यांनी वॉचमनला हाक मारली आणि सांगितलं, पोरं क्रिकेट खेळतात ना इथे, जरा सीसीटीव्ही काढ बघू, कोणी फोडली ते.