आत्या गोळी विसरत नाही

सध्या एक मजकूर व्हॉट्सअॅपवर गटागटांतून फिरतोय. त्याचं सार असं: ‘बीपी-शुगरच्या गोळ्या मध्येच सोडणारे एक तर अडाणी असतात, नाहीतर विसरभोळे. मोबाइलवर गजर लावून द्या, परिणामांची भीती घाला, वळणावर येतात. समजुती वगैरे मोजता येत नाहीत.’ एकेक घेऊ.

अडाणी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार, विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांत सांगितल्याप्रमाणे उपचार पाळण्याचं प्रमाण सरासरी निम्मंच भरतं. शाळा-कॉलेजं तिथे कमी नाहीत.

विसरभोळे, हे अर्धं खरं. काहींना गजराचा उपयोग होतोच. पण माझी आत्या बीपीची गोळी डोकं जड झालं तरच घेते. पोथीचा अध्याय तिचा एक दिवस चुकत नाही. तिचं म्हणणं, ‘त्रास नाही तर गोळी कशाला? रोज घेतली की सवय लागते, शिवाय उष्ण पडते.’ बीपी बहुधा काहीच त्रास न देता वाढतं, त्यामुळे तिचा हिशोब चुकतो. पण तो हिशोब आहे, विसर नव्हे. गजर वाजतो, ती तो बंद करते आणि पोथी उघडते.

आता ‘मोजता येत नाही’. हे तर साफ चूक. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या गॉडफ्री हॉकबाउम यांनी क्षयरोगाच्या तपासणीबद्दल बाराशेहून अधिक लोकांना विचारलं. ‘मलाही हा रोग होऊ शकतो’ आणि ‘लवकर कळलं तर फायदा आहे’ हे दोन्ही मानणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांनी स्वतःहून छातीचा एक्स-रे काढला होता. दोन्ही न मानणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांनी. पुढे १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये रॉब हॉर्न आणि जॉन वाइनमन यांनी दमा, मूत्रपिंड, हृदयविकार आणि कर्करोगाच्या ३२४ रुग्णांच्या औषधांविषयीच्या समजुती प्रश्नावलीने तपासल्या. एका बाजूला ‘हे औषध मला किती गरजेचं’, दुसऱ्या बाजूला ‘त्याची मला किती धास्ती’, आणि दोन्हींच्या गुणांची वजाबाकी. ८९ टक्क्यांना औषध गरजेचं वाटत होतं, तरी एक तृतीयांशाहून जास्त जणांना सवय लागण्याची किंवा पुढच्या दुष्परिणामांची मोठी धास्ती होती. म्हणजे आत्या एकटी नाही. वय, शिक्षण, आजाराचा प्रकार यांपेक्षा या समजुतींवरून औषध घेण्याचा अंदाज जास्त चांगला बांधता आला.

याला मर्यादा आहेत. औषध सोडून दिल्यावर ‘तसं ते गरजेचं नव्हतंच’ असंही माणूस म्हणतो, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे एका भेटीत कळत नाही. शिवाय ‘गोळ्या घेता ना?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘हो, घेतो की.’ म्हणूनच मद्रासच्या क्षयरोग केंद्रात, त्याच १९५० च्या दशकात, घरी उपचार घेणाऱ्यांची लघवी तपासून औषध पोटात गेलं का ते पाहत.

राहिली भीती. १९६५ मध्ये येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेन्थल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहिती दिली, काहींना भयंकर, काहींना सौम्य. जास्त घाबरलेल्यांनी लस घ्यायचा इरादा जास्त ठामपणे सांगितला. प्रत्यक्ष लस घेण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. नुसती माहिती मिळालेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के गेले. ज्यांना आरोग्य केंद्राचा नकाशा दिला आणि कधी जाणार ते ठरवायला लावलं, त्यांच्यातले सुमारे २८ टक्के.