युरियाची गोणी आणि युरोपचा जकातनाका

भाऊ फोन पुढे धरूनच कट्ट्यावर आला. "बघा! युरोपनं आपल्या खताचा गळा धरला!"

"कुठल्या खताचा?" नाना म्हणाले. चेंबूरच्या आमच्या नाक्यावर अमोनिया आणि नायट्रिक ॲसिडच्या प्लांटवर आयुष्य काढलेला हा एकच माणूस. "भाऊ, आपण टेंडर काढून युरियाची जहाजं मागवतो. युरोपला जातं ते आपलं पोलाद. खताची झळ इजिप्तला, अल्जीरियाला, रशियाला."

"पण १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या मालावर, तो बनवताना निघालेल्या कार्बनचा कर लागला ना!"

"लागला. किती ते सांग."

भाऊ फोनवर बोट सरकवत बसला. त्याचं नेहमीचंच, मथळ्याखाली कधी उतरायचं नाही.

"एक टन युरियाला ०.५७ टन अमोनिया लागतो," नानांनी बोटांवर मांडलं. "गॅसवर टनभर अमोनिया काढताना साधारण १.८ टन कार्बन डायऑक्साइड. म्हणजे टनभर युरियामागे एक टन झालाच. वाफ, वीज वेगळी."

मकरंद आमचा सीए. "पण त्यातला ०.७३ टन युरियातच बांधला जातो. चिमणीतून जातच नाही, मग त्यावर कर कसला?"

"शेतात पडला की मातीतलं युरिएज नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करतं आणि वायू हवेतच जातो," नाना म्हणाले. " म्हणून वजावट नाही. इथे युरोपवाले बरोबर आहेत."

"आणि सगळा भार आजच नाही," मकरंदनं कबूल केलं. "युरोपनं ठरवलेल्या मापाएवढाच, म्हणजे बेंचमार्कएवढाच धूर असेल तर २०२६ ला त्याच्या अडीच टक्क्यांवरच पैसे. २०३० ला ४८.५, २०३४ ला पूर्ण."

"युरियाचा हिशेब सोपा. घोळ आहे अमोनियम नायट्रेट खतामध्ये," नाना सरसावून बसले. "त्याला लागणारं नायट्रिक ॲसिड करताना अमोनिया आणि हवा प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळीवरून जातात, तापमान नऊशेच्या आसपास. थोडा नायट्रस ऑक्साइड वायू होतोच. मध्यम दाबाच्या प्लांटला काहीच उपाय केला नाही तर टनभर ॲसिडमागे ७ किलो धरतात. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २६५ पट तापवणारा धरतात, म्हणून त्याला २६५ नं गुण. १.८५ टन कार्बन डायऑक्साइडएवढा! टनभर अमोनियम नायट्रेटला ०.७९ टन ॲसिड लागतं, म्हणजे नुसत्या या वायूचेच दीड टन झाले."

"मग उपाय?" सुलभाताईंनी विचारलं.

"जाळीखालच्या बास्केटमध्ये हा वायू मोडणारा सेकंडरी कॅटलिस्ट भरायचा. पण बास्केटच्या कडेला फट राहिली की वायू बाजूनं पळतो. जाळी म्हातारी झाली की नायट्रस ऑक्साइड वाढतो. आणि चिमणीत वायूचं प्रमाण, म्हणजे नुसता पीपीएम बघून भागत नाही, किती वायू वाहतो ते मोजणारा फ्लो मीटरही बरोबर हवा. त्यात चूक, तर वर्षाचा आकडा चूक."

"मीटर नसेल तर युरोपनं ठरवून दिलेला डिफॉल्ट आकडा घ्यायचा," मकरंद म्हणाला. "खतांना त्यावर १ टक्काच जादा."

"जादा किती ते सोड," नाना म्हणाले. " डिफॉल्ट म्हणजे देशाची सरासरी. ज्यानं कॅटलिस्ट भरला त्याची मेहनत शेजाऱ्याच्या धुरात बुडाली!"

कर कुणाला बसतो हे शेवटी कारखान्यातल्या नोंदवहीवर ठरतं, आणि आपल्याकडे बातम्या देणारे नेमकं हेच सोडतात. मला याचा राग येतो.

"आणि युरोपला नको झालेला युरिया?" सुलभाताई.

"आपल्या टेंडरला येईल," नाना म्हणाले. " शेतकऱ्याला ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांनाच, फरक सबसिडीत."

"म्हणजे धूर तेवढाच. जहाजानं बंदर बदललं."

यावर भाऊसुद्धा गप्प झाला. तेवढ्यात चहावाल्यानं वही काढली: भाऊंच्या नावावर अकरा कटिंग.

"अकरा नाहीत, सहा!"

"तुझी नोंद आहे? नाही ना?" नाना वळले. "लाव रे याला कट्ट्याची सरासरी!"

मकरंदनं खरंच मोबाइलवर भागाकार केला. सरासरी चौदा निघाली. भाऊनं मुकाट्यानं अकराचे पैसे काढले, आणि सुलभाताईंना हसू आवरेना म्हणून चहा बाजूला ठेवावा लागला.