चार बटणं दाबली, आता विचारायचं कुणाला?

16 जानेवारी 2026 ला दुपारी सोलापूर महापालिकेच्या निवडणुकीत आमच्या गल्लीतले मास्तर पडले हे कळलं. त्या दिवशी लिहिलं असतं तर नुसता राग उतरला असता, म्हणून थांबलो.

मास्तर अपक्ष उभे होते. आमच्या पूर्व भागात यंत्रमागावर जाणाऱ्या, विड्या वळणाऱ्या घरांतली कितीतरी पोरं संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर शिकली. मीही त्यातलाच. ते पडले याचं दुःख आहेच, पण ज्या पद्धतीनं पडले त्याचं जास्त आहे.

हिशोब मांडून बघा. 2011 च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख आणि नगरसेवक 102. म्हणजे एका नगरसेवकामागं नऊ-साडेनऊ हजार माणसं. एवढ्यांचे उंबरे भला माणूस पायी फिरून झिजवू शकतो. पण चौघांचा एक प्रभाग केला की तोच आकडा सदतीस हजारांवर जातो, तोही पंधरा वर्षांपूर्वीच्या गणतीनं. मास्तर सकाळी सहाला निघायचे ते रात्री दहाला यायचे. तरी निम्म्या प्रभागाला त्यांचं तोंडही दिसलं नाही. चौघं मिळून उभ्या राहिलेल्या पॅनेलचं तसं नसतं. चौघांतला एक ओळखीचा असला की बाकीचे तिघं त्याच्यासोबत निघून जातात.

मतदान केंद्रात माझ्यापुढं शेजारच्या अक्का होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, विड्या वळून वळून बोटं वाकडी झालेली. त्यांनी मास्तरांचं बटण दाबलं आणि निघाल्या. टेबलावरून आवाज आला, "आजी, थांबा, अजून तीन मतं राहिली." चारही दिल्याशिवाय मत पूर्ण होत नाही. अक्का परत आत गेल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "एक माझ्या मनानं दिलं बाळा. बाकीची तीन कुणाला गेली, देवाला ठाऊक." 'यापैकी कुणीही नको' म्हणायला नोटाचं बटण असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही नाही, ही आमची चूक.

2017 ला असेच चौघं निवडून आले, त्यानंतरची गोष्ट. गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं आणि घाण पाणी अक्कांच्या उंबऱ्याला लागलं. पहिल्या नगरसेवकाकडं गेलो तर म्हणे तुमची गल्ली माझ्याकडं येत नाही. दुसरा म्हणाला, माझा निधी संपला. तिसऱ्यानं पहिल्याकडं पाठवलं. चौथ्याचा फोन लागलाच नाही. नऊ दिवस अक्का दारात विटा टाकून त्यावरून ये-जा करत होत्या.

पुढं मार्च 2022 ला मुदत संपली आणि ज्यांच्याकडं जायचं ते चौघंही राहिले नाहीत. जवळपास चार वर्षं प्रशासक. संविधानाच्या 243-यू कलमात स्पष्ट लिहिलंय की महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. याच शहराच्या नगरपालिकेनं 1930 साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तिरंगा फडकवला होता. त्याच साली इथं मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा फासावर गेले. यंदा मतदानाच्या तीन दिवस आधी चार पुतळ्यांपाशी हात जोडताना माझा गळा दाटून आला. त्या गावाला आपला नगरसेवक निवडायला इतकी वर्षं वाट बघावी लागावी!

निकालानंतर बरेच जण म्हणतात, लोक विकले गेले. मला हे पटत नाही. पाकीट आमच्याही दारात आलं होतं, आईनं हात लावला नाही. पण पाकीट घेऊनही मास्तरांना मत दिलेली घरं मला माहीत आहेत. दिवसभर विड्या वळून हातात किती पडतं ते ज्यानं पाहिलंय, तो त्या बाईला दोष देणार नाही. दोष देणाऱ्याला द्या.

मला दोनच गोष्टी हव्यात. पहिली, एका वॉर्डाला एकच नगरसेवक. 2012 ला दोनचा प्रभाग होता, 2017 ला चारचा झाला, मधे तीनचा ठरला, पुन्हा चारवर आला. यात आम्हाला कुणी विचारलं? दुसरी, क्षेत्रसभा. खेड्यात ग्रामसभेत कुणीही उठून सरपंचाला हिशोब विचारतो. शहरातल्या माणसासाठी क्षेत्रसभेची तरतूद 2009 पासून महापालिकेच्या कायद्यात आहे. आमच्या भागात ती भरलेली मी एकदाही बघितली नाही.

निवडून आलेल्या चौघांचं मनापासून अभिनंदन. माझी त्यांना एकच विनंती आहे, आपसात गल्ल्या वाटून घ्या आणि कुठली गल्ली कुणाची ते फोन नंबरासह चौकात फलकावर लिहा.

येत्या रविवारी संध्याकाळी पाचला मास्तरांच्या ओसरीवर जमतोय. क्षेत्रसभा भरवा असा अर्ज लिहायचा आहे. मास्तर स्वतः मसुदा करतायत. अर्ज मराठीत आणि तेलुगूत वाचून दाखवू, कन्नड वाचणारं कुणी असेल तर नक्की या. पहिली सही अक्का करणार आहेत. अंगठा नाही, सहीच. याच ओसरीवर शिकल्यात त्या.