होस्ट्स फाइलमध्ये अनोळखी ओळी म्हणजे हॅकिंगच, असं नाही
दादर-परळच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: होस्ट्स फाइलमध्ये अनोळखी ओळी दिसल्या की कॉम्प्युटर हॅक झालाय, फाइलच उडवा. थांबा जरा. साइटचं नाव कुठल्या आयपीवर (इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यावर) न्यायचं, हे डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) विचारण्याआधी विंडोज या फाइलमध्ये बघतं. हॅशने सुरू होणारी ओळ नुसती टीप. ०.०.०.० (कुठेच न जाणारा पत्ता) पुढे जाहिरातींच्या साइट्सची लांबलचक रांग? ती बहुधा जाहिराती अडवणाऱ्या प्रोग्रामने घातलेली. डॉकर हा डेव्हलपर वापरतात तो प्रोग्रामही स्वतःच्या ओळी टाकतं. पीसी ‘सगळं टाकून’ (म्हणजे पायरेटेड सॉफ्टवेअरसह) घेतला असेल, तर १२७.०.०.१ (म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर) पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांचे, कॉपी खरी आहे का ते तपासणारे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर सापडतील. कारण तुम्हीच ओळखा! काळजी करायची ती बँकेच्या नावाआधी भलताच आयपी असेल किंवा अँटिव्हायरसची अपडेट साइट अडवलेली असेल तर. तेव्हा आधी पूर्ण स्कॅन करा, मग तेवढ्याच ओळी काढा. नाहीतर मालवेअर (घातक प्रोग्राम) त्या पुन्हा लिहितं.