आईच्या स्वयंपाकघरातला पंखा

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पंधरा दिवस शेगडीवरून जुंपली होती. सुरुवात ऐरोलीच्या आतेभावाने केली. त्याने एक चित्र टाकलं: इंडक्शन ८५ टक्के कार्यक्षम, गॅस फक्त ३२. खाली त्याचं वाक्य, 'मामा, सिलेंडर परत करून टाका आता.' मामा म्हणजे माझे बाबा, मुक्काम पाचपाखाडी, ठाणे. बाबा काही बोलायच्या आत काकांनी विचारलं, 'आणि वीज काय नळातून येते? कोळसा जाळूनच ना?' मग आत्या, मग पुण्याची मावशी, मग दोघांचे अंगठे आणि एकाचा रुसवा. शेवटी कुणीतरी मला ओढलं, कारण मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो आणि माझ्याकडे गॅसच नाही. म्हणजे मी तज्ज्ञ.

आधी तेवढा गैरसमज काढून टाकतो. माझ्या घरात इंडक्शन आहे त्यात माझी हुशारी शून्य. घर नवं आहे आणि १ जुलै २०१८ पासून इथे नव्या घरांना गॅसची जोडणी सहसा देतच नाहीत. त्यामागे शेगडीची टक्केवारी नाही. उत्तरेला ग्रोनिंगन भागात १९५९ मध्ये प्रचंड गॅससाठा सापडला, देशाने त्यावर घरं ऊबदार केली, आणि उपसून उपसून तिथली जमीन हलायला लागली. २०१२ मध्ये ३.६ तीव्रतेचा धक्का बसला, घरांना तडे गेले, लोक रस्त्यावर उतरले. ते क्षेत्र कायमचं बंद करण्याचा कायदा २०२४ मध्ये झाला. त्यात हवामानबदलाचा विचारही होताच. पण 'परदेशात बघा, सगळे इंडक्शनवर गेले' असं कुणी म्हटलं, तर का गेले ते विचारावं.

आता ती टक्केवारी. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याची गुंडाळी असते. तिच्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो आणि वरच्या लोखंडी बुडात प्रवाह उठवतो. भांडं स्वतःच तापतं, ज्योत नाही की तापलेली तार नाही. म्हणून ८५ टक्के ऊर्जा भांड्यात जाते. यात खोटं काही नाही. पण गॅसचे ३२ टक्के अमेरिकेतल्या शेगड्यांचे आणि तिथल्या मोजणीचे आहेत. आपल्याकडे एलपीजीच्या शेगडीला मानकाप्रमाणे चाचणीत किमान ६८ टक्के द्यावे लागतात. ती चाचणी मोठ्या पातेल्यावर होते. छोट्या कढल्यात फोडणी करताना ज्योत चहूबाजूंनी बाहेर येते तेव्हा ६८ कुठले? घरात ५० धरा, फार तर ६०.

बाबांना टक्के नको होते, रुपये हवे होते. तर मांडलं. १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये, विजेच्या मापात सांगायचं तर, सुमारे १८० युनिट उष्णता असते. निम्मी भांड्यात गेली तर ९०, चाचणीप्रमाणे गेली तर १२२. तेवढीच उष्णता इंडक्शनने द्यायला साधारण १०५ ते १४५ युनिट वीज लागेल. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत सिलेंडर ८५२ रुपये ५० पैसे झाला, तो भाव धरला तर इंडक्शन परवडायला वीज सहा ते आठ रुपये युनिटने मिळायला हवी. महावितरणच्या बिलात तेव्हा पहिल्या १०० युनिटांचा दर सगळं मिळून याच्या आतबाहेर होता, त्यापुढचा जवळजवळ दुप्पट. आई-बाबा दोघंच, एसी फक्त मे महिन्यात; त्यांना वर्षातले बरेच महिने जमेल. आतेभावाकडे दोन एसी, गीझर आणि पाइपचा गॅस. सिलेंडर परत करा म्हणणाऱ्यालाच इंडक्शन महाग पडणार! हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हापासून तो शांत आहे.

काकांचा कोळसा खरा आहे. चंद्रपूरला कोळशातल्या शंभर भाग उष्णतेतून जेमतेम ३५ भाग वीज निघते, काही तारांमध्ये गळते, मग शेगडीचे ८५ टक्के. पातेल्यात पोचतात पंचविसेक भाग. त्या हिशोबात गॅस पुढे. सौरऊर्जा वाढते आहे हे चांगलंच, पण आपला कुकर संध्याकाळी सात-आठला लागतो, तेव्हा गच्चीवरचं पॅनेल झोपलेलं असतं. एवढं लिहून मी काकांना अंगठा दिला. एलपीजीही आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, हे मात्र मुद्दाम जोडलं. त्यांना पूर्ण जिंकू द्यायची माझी तयारी नव्हती.

या सगळ्यात एक गोष्ट कुणीच मोजली नाही. मलाही ती गेल्या मे महिन्यात ठाण्याला गेलो तेव्हा कळली. उरलेले ४०-५० टक्के जातात कुठे?

आइंडहोवनला जानेवारीत माझी शेगडी किती वाया घालवते याला फारसा अर्थ नाही. जे वाया जातं ते घरातच राहतं, तेवढं हीटिंगला कमी काम. ठाण्यात मेमध्ये तेच आईच्या अंगावर जातं. मुलीच्या खोलीसाठी घेतलेलं छोटं तापमापक मी बॅगेतून नेलं होतं. सकाळी साडेनऊला ते ओट्यावरच्या डब्यांमागे ठेवलं: ३२. डाळ, भात, भाजी, पोळ्या होईपर्यंत ३६. वर पंखा होता, पण बंद. 'लावला तर ज्योत फडफडते रे,' आई म्हणाली आणि पदराने मान पुसली. चाळीस वर्षं ती पंखा बंद ठेवून स्वयंपाक करते आहे. पोळ्या लाटताना दोनदा बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहिली. बाबा तिथे पंख्याखाली बसून युनिटचा हिशोब करत होते. मीही त्यांच्या शेजारीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही गोखले रोडवरून एक इंडक्शन आणलं. मी भांड्यांना चुंबक लावत बसलो. लोखंडी तवा आणि कढई पास, दोन स्टीलची पातेली पास, एका पातेल्याला चुंबक चिकटेचना. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर नापास, आजीचं पितळी पातेलं अर्थातच नापास. ओट्यावरचा प्लग सहा अँपियरचा निघाला आणि इंडक्शन २००० वॉटचं, म्हणजे जवळपास नऊ अँपियर. बाबा ते तसंच लावणार होते! वायरमन बोलावून जाड वायर आणि पॉवर पॉइंट करून घेतला. त्याचे पैसे आणि नवा कुकर धरला तर पहिल्या वर्षी बचत विसरा.

गॅस परत केला नाही, करायला सांगणारही नाही. वीज जाते तेव्हा जेवायचं कशावर? वांगं काचेवर भाजत नाही आणि आईची भाकरी शेवटी ज्योतीवरच फुगते. मी इथे तव्यावर कपड्याने दाबून फुगवतो, ती व्हिडिओ कॉलवर बघते आणि काही बोलत नाही, हे बोलण्यापेक्षा वाईट.

परवा सकाळी तिला फोन केला तर मागे घर्रघर्र आवाज. आधी वाटलं, इंडक्शनचाच आतला पंखा. 'तो नाही, वरचा,' ती म्हणाली. चहा, दूध, डाळ, भात आता त्याच्याखालीच होतं. मी विचारलं, 'आणि भाकरी?'

'टाकताना बंद करते की. तेवढ्यापुरता.'