खिशातलं पिस्तूल आणि खर्ऱ्याचा भुगा

गेल्या आठवड्यात आमच्या आतेभावाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. ‘मुठीत मावेल एवढं पिस्तूल प्रत्येक आयाबहिणीच्या पर्समध्ये हवंच!’ खाली एकामागून एक दावे. असं पिस्तूल हलकं, म्हणून बायकांना आणि म्हाताऱ्यांना चालवायला सोपं. गोळी ती गोळी, लहान काय अन् मोठी काय. पर्समध्ये ठेवलं तर कोणाला दिसत नाही. नुसतं दाखवलं तरी समोरचा पळतो. सरकारनेच महिलांसाठी असं हत्यार काढलंय, आणि नव्या कायद्यात मागेल त्याला परवाना मिळतो. सोबत दोन बोटांत धरलेल्या इवल्याशा रिव्हॉल्व्हरचा फोटो: ‘जगातलं सर्वांत लहान, एका गोळीत माणूस गार’.

मी गप्पच बसणार होतो. ग्रुपवर वाद घालून कोणाचं भलं झालंय? पण रात्री पुतणीचा फोन आला. ती नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत आहे, शिफ्ट साडेदहाला सुटते, वर्धा रोडने स्कूटीवर एकटी येते. म्हणाली, “काका, तुमच्याकडे आहे ना तसलं? मीपण अर्ज करून टाकू का?”

आहे माझ्याकडे, खरंच आहे. आमचे बाबा तेंदूपत्त्याचे, म्हणजे बिडीच्या पानांचे ठेकेदार. मे महिन्यात गोंदिया-भंडाऱ्याकडच्या फडांवर मजुरांचे चुकारे रोखीने करायचे असत. पैशाची थैली जीपमध्ये अन् बाबांच्या बंडीच्या खिशात एक विलायती .२५ बोअरचं पिस्तूल. नळी जेमतेम दोन इंच, पोटात सहा काडतुसं. ते गेल्यावर रीतसर कागद करून ते माझ्या परवान्यावर आलं. म्हणजे या विषयात मी ऐकीव बोलत नाहीये.

आधी त्या फोटोचं उरकून टाकू. फोटोतलं खेळणं स्वित्झर्लंडमध्ये बनतं. लांबी साडेपाच सेंटिमीटर, वजन वीसेक ग्रॅम. चालतं, हे खरं. पण त्याच्या गोळीची ऊर्जा एक ज्यूलसुद्धा भरत नाही. एक मध्यम आकाराचं संत्रं टेबलावरून खाली पडलं की तेवढीच ऊर्जा होते. ती सुईएवढ्या जागेवर एकवटते म्हणून डोळ्यात गेली तर डोळा जाईल, एवढं खरं. माणूस गार बिर काही होत नाही. ते शौकिनांनी काचेच्या पेटीत ठेवायचं काम आहे.

आता ‘हलकं म्हणून सोपं’. पूर्ण फॉरवर्डमध्ये सगळ्यात उलटी गोष्ट हीच, आणि सगळ्यात जास्त लोकांना पटणारीही हीच. भाजीची पिशवी हलकी असली की उचलायला सोपी, तसं पिस्तुलाचं नसतं. बार उडाला की हत्यार मागे धक्का देतं, आणि तो धक्का खाऊन टाकायला हत्याराच्या अंगात वजनच लागतं. तीच गोळी जड पिस्तुलातून सोडा, हात थोडा हलेल. हलक्यातून सोडा, मनगट वर फेकलं जाईल. त्यात मूठ एवढीशी की माझी दोनच बोटं तिच्यावर बसतात, करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट हवेत लोंबतं. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची तर तिला धरायला जागा नाही, आणि आतली स्प्रिंग चांगलीच कडक. लहान पिस्तुलात स्लाइडही हलकी असते, तिला थोपवायला स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. माझ्या बायकोने एकदा रिकामं पिस्तूल माझ्यासमोर ओढून पाहिलं होतं. तिसऱ्या प्रयत्नात नख तुटलं, आणि तेव्हापासून त्या पिस्तुलाला आमच्या घरात ‘नखतोड्या’ म्हणतात. छोटी रिव्हॉल्व्हरं या त्रासातून सुटतात, पण त्यांचा चाप पहा: अर्धा किलोचं हत्यार आणि चाप ओढायला बोटावर चार-पाच किलोचा जोर. चाप मागे येईस्तोवर नळी कुठल्या कुठे गेलेली असते.

नेमाचं तर विचारूच नका. नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच यांच्यात सुमारे दहा सेंटिमीटर अंतर. तिथे एक मिलिमीटर चूक झाली की सात मीटरवर गोळी सात सेंटिमीटर बाजूला. हात थरथरत असताना एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. मी दोन वर्षांपूर्वी रेंजवर हा प्रयोग केला. सात मीटर, दिवसाउजेडी, कोणी अंगावर येत नाही, शेजारी चहा ठेवलेला. क्लबच्या जाडजूड .२२ स्पोर्ट्‌स पिस्तुलाने माझ्या सगळ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत बसतात. बाबांच्या पिस्तुलाने सहापैकी दोन कागदावर लागल्या. उरलेल्या चार मागच्या मातीत. शिकवणारे सर हसले नाहीत, एवढंच म्हणाले, “हे नवशिक्याचं हत्यार नाही, भाऊ. हे उस्तादाचं आहे.” वाक्य मला तेव्हा लागलं, आता पटतं. जे हत्यार आपण ‘नाजूक हातांसाठी’ म्हणून सुचवतो, तेच चालवायला सगळ्यात जास्त सराव मागतं.

‘गोळी ती गोळी’ हाही तसाच दावा. .२५ ची गोळी सव्वातीन ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे २३० मीटर, ऊर्जा ८५ ज्यूलच्या आसपास. पोलिसांच्या ९ एमएम पिस्तुलाची साडेचारशेच्या घरात. आता जामठ्याच्या स्टेडियमवर कोणी ताशी १२० किलोमीटरने क्रिकेटचा चेंडू टाकला, तर त्या चेंडूत जवळपास .२५ च्या गोळीएवढीच ऊर्जा असते. फरक एवढाच की चेंडू छातीवर पसरून लागतो, गोळी भोक पाडून आत शिरते. म्हणून ती जीव घेऊ शकते, याबद्दल शंका नको. अब्राहम लिंकन यांचा जीव १८६५ मध्ये खिशात मावणाऱ्या एकबारी पिस्तुलानेच घेतला होता. पण तो मारेकरी मागून आला होता, नळी डोक्याशी नेली होती आणि समोरचा माणूस नाटक पाहत बसला होता. जीव घेणं वेगळं आणि अंगावर धावून येणाऱ्याला आत्ता, याच क्षणी थांबवणं वेगळं. सिनेमात गोळी लागली की माणूस मागे उडतो, प्रत्यक्षात पिस्तुलाच्या कुठल्याच गोळीने तसं होत नाही. मेंदूला किंवा कण्याला लागली तरच माणूस जागच्या जागी कोसळेल याची खात्री असते. हृदयाला लागली तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर तो दहा-पंधरा सेकंद हातपाय चालवू शकतो. दहा सेकंदांत चाकूने काय काय होतं, ते आपल्या शहराच्या बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको. त्यात लहान गोळीला जाड कपडा आणि हाड भेदायला जोर कमी, आणि त्या गोळ्या मोजून सहा.

पर्सचा मुद्दा मी ग्रुपवर लिहिण्याआधी घरी करून पाहिला. रविवारी पुतणी आली. माझ्या परवान्यावरचं हत्यार तिच्या पर्समध्ये घालून खेळ करणं बरोबर नाही, म्हणून किल्ल्यांचा जुडगा घेतला. तो पर्समध्ये टाकला, चेन लावली, पर्स खांद्याला. ती झोपाळ्यापाशी उभी. मी स्वयंपाकघराच्या दाराशी, मधे एकवीस फूट. हे अंतर मी मनाने काढलेलं नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस खात्यातल्या डेनिस टुलर यांनी १९८३ मध्ये लिहिलं होतं की, चाकू घेतलेला साधारण माणूस एकवीस फूट दीड सेकंदात पार करतो, आणि कमरेच्या होल्स्टरमधून (पिस्तुलाच्या म्यानातून) पिस्तूल काढून गोळी झाडायला सरावलेल्या पोलिसालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. मी साठीचा, उजव्या गुडघ्यात पाणी झालेलं. “हं” म्हटलं आणि निघालो. मी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा पर्सची चेन अर्धीच उघडली होती. दुसऱ्या वेळी चेन आधीच उघडी ठेवली. तेव्हा तिच्या हातात डब्याचा चमचा आला.

आणि खऱ्या पिस्तुलाला एवढ्याने भागत नाही. या जुन्या पिस्तुलांत काडतूस नळीत भरून फिरणं धोक्याचं. हत्यार पडलं, चाप कशात अडकला, तर स्वतःच्याच पायात बार. बाबा नळी रिकामी ठेवत. म्हणजे बाहेर काढा, दुसऱ्या हाताने स्लाइड ओढा, मग झाडा. दुसरा हात स्कूटीच्या हँडलवर किंवा समोरच्याच्या पकडीत असेल तर?

शिवाय खिसा. ही पिस्तुलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात साहेबांच्या कोटाआतल्या जाकिटाच्या खिशासाठी निघाली, ‘व्हेस्ट पॉकेट’ हे नावच त्यावरून. नागपूरच्या मे महिन्यातल्या बंडीचा विचार कोणी केला नव्हता. पंचेचाळीस डिग्रीला घामाने पोलादावर आठवड्यात तांबूस पुटं येतात. आणि बाबांच्या त्याच खिशात खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटलेली पुडी असायची. एका दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी मी ते पुसायला घेतलं, मॅगझिन (काडतुसांची डबी) काढलं, तर वरच्या काडतुसाच्या बाजूने सुपारीचा भुगा आणि चुना असा लिंपलेला की स्प्रिंग वर सरकेना. पहिली गोळी कशीबशी गेली असती, दुसरी आली नसती. किती हंगाम बाबा ते तसंच घेऊन जंगलात फिरले, देव जाणे. मी दाखवलं तेव्हा ते जरा वेळ बघत राहिले, म्हणाले, “खर्रा सोडा म्हणते तुझी आई, ते यासाठी नाही म्हणत.”

‘नुसतं दाखवलं की पळतो’ यावर जास्त लिहीत नाही, कारण हा दावा ‘कोणाला दिसत नाही’ या दाव्याच्याच गळ्यावर पाय देतो. जे दिसू नये इतकं लहान आहे, ते अंधारात पाहून कोण घाबरणार? मुठीत धरलं की नळीचं टोक तेवढं बाहेर राहतं, मेळ्यात मिळणाऱ्या लायटरसारखं. वर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी हत्यार उगारून दाखवायलाच मनाई आहे. न्यायचं तर होल्स्टरमध्ये किंवा झाकून न्यायचं.

सरकारने काढलेलं हत्यार म्हणजे ‘निर्भीक’. कानपूरला बनलं, २०१४ मध्ये आलं. (आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं की ते आपल्या अंबाझरीत बनतं. अंबाझरीच्या कारखान्याचं काम तोफगोळ्यांची कवचं, रॉकेटचे भाग असलं. रिव्हॉल्व्हर नाही, राजेहो.) ते .३२ बोअरचं, अर्धा किलो वजनाचं, सहाबारी रिव्हॉल्व्हर आहे. किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास. फोटोतल्या खेळण्याशी त्याचा काही संबंध नाही.

‘मागेल त्याला परवाना’ ही तर निव्वळ थाप. १९५९ चा शस्त्र कायदाच अजून लागू आहे. वय एकवीस पूर्ण हवं, शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयात, चौकशी अहवाल, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आणि जिवाला काय धोका आहे ते पटवून द्यायचं. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं केली, पण हत्यारांची मर्यादा तिनावरून दोनवर आणली. कायदा ढिला कुठून झाला? कोणी हा फॉरवर्ड वाचून परवान्याची कटकट नको म्हणून गावठी कट्ट्याच्या मागे लागला, तर विनापरवाना हत्यारासाठी आता किमान दोन वर्षं कैद आहे. परवाना असून गोळी झाडली तरी प्रकरण संपत नाही. भारतीय न्याय संहितेने स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय, कलम ३८ मध्ये प्राणघातक बळ कधी वापरता येतं तेही लिहिलंय. पण त्याआधीचं कलम ३७ सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. किती लागेल, हे नंतर न्यायाधीश ठरवतात, शांत खोलीत बसून.

फॉरवर्डच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. मोठं हत्यार कपाटात राहतं आणि लहान सोबत राहतं, हे खरंच आहे. अमेरिकेत काही पोलीस घोट्याशी छोटं पिस्तूल बांधतात ते त्यासाठी. पण ते त्यांचं दुसरं हत्यार असतं, कमरेला पहिलं असतंच. आणि सराव केला तर लहान पिस्तूलही वळणावर येतं. पण आपल्याकडे काडतुसांची मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते, .२५ ची काडतुसं दुकानात विचारली की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो मग कपाटाकडे. सराव करणार कशावर?

पुतणीने अर्ज केला नाही. कंपनीच्या गाडीसाठी नाव दिलंय, यादी लागायची आहे. तोवर सीताबर्डीहून मिरपुडीचा स्प्रे आणला आणि पर्समध्ये न टाकता पर्सच्या पट्ट्याला बाहेरून अडकवला. मोबाइलवर तातडीच्या मदतीचा ११२ नंबर कसा लागतो ते तिनेच मला शिकवलं. मग झोपाळ्यापाशी पुन्हा तोच प्रयोग केला. या वेळी मी जेवणाच्या टेबलाशी पोचलो तोवर नळकांडं माझ्या नाकासमोर होतं.

“तुमचा गुडघा दुखून राहिला म्हणून झालं हे,” ती म्हणाली, “बंटीला पळवून पाहू एकदा.”