फक्त लायसन्स वाटणारी संघटना नाही ती

स्कायडायव्हिंगवरच्या, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारण्याच्या खेळावरच्या एका लेखात म्हटलंय की अमेरिकेतली पॅराशूट असोसिएशन ही जंपर लोकांची संघटना म्हणजे फी घ्या नि लायसन्स द्या, एवढंच. हे पटलं नाही. मी इथे कॅलिफोर्नियात ए लायसन्सपर्यंत (ही पहिली पायरी, डी सगळ्यात वरची) आलोय म्हणून लिहितोय. एफएए ही विमान वाहतुकीची सरकारी यंत्रणा विमान, हवाई हद्द, रिझर्व्ह म्हणजे मुख्य पॅराशूट दगा देईल तेव्हाच्या राखीव पॅराशूटचं पॅकिंग, टँडम (प्रशिक्षकाला बांधून मारायची उडी) वगैरे बघते, पण एकट्याने उडी मारणाऱ्याकडे लायसन्स हवंच असं तिचं काही म्हणणं नाही, ती जागा या संघटनेने भरलीय. ए ला किमान २५ उड्या, डी ला ५००, विंगसूट (पंखांसारखा कापडी सूट) घालायचा तर आधी २००, ए वाल्याने पॅराशूट ३,००० फुटांच्या वर उघडायचं, हे सगळं जंपर लोकांनीच, बहुतेक अपघातांतून शिकून ठरवलेलं आहे.

मागे एकदा भाड्याच्या रिगचं (पाठीवरच्या पॅराशूटच्या संचाचं) पॅकिंगची तारीख लिहिलेलं कार्ड तपासलं तर रिझर्व्ह पॅक केल्यापासूनची १८० दिवसांची मुदत उलटून गेलेली, पॅकिंग करणाऱ्याने लावलेला लाल दोरा नि शिशाचं सील जागच्या जागी, दिसायला सगळं ठीक. सेफ्टी बघणाऱ्या बाईंनी सरळ रिग काढून ठेवली, त्या दिवशी उडी नाही. तेव्हा राग आला होता खरा, पण आज त्यांचे आभार मानतो. आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, आता कितीतरी मराठी मुलं या खेळाकडे वळतायत, त्यांनी ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्या मारायच्या ठिकाणी गेल्यावर पैसे भरायच्या आधी रिझर्व्हचं कार्ड दाखवा म्हणून जरूर विचारावं, लाजू नये.